ओझं खांद्यावर नाही, कडेवर: शिकाऱ्यांची मांस वाहायची सॅक आणि आपली गडावरची वाळू

25 किलो कोरडी वाळू जेमतेम 16 लिटर जागेत मावते, म्हणजे आंघोळीच्या एका बादलीत. एवढा साधा हिशोब तीन वर्षांपूर्वी मला कुणी सांगितला असता, तर माझा डावा हात महिनाभर लुळा पडला नसता.

आम्ही काही जण पावसाळा सरला की कोरेगाव तालुक्यातल्या एका गडावर रविवारी श्रमदानाला जातो. रीतसर परवानगी काढलेली असते. टाक्यातला गाळ काढायचा, निखळलेल्या पायऱ्या बसवायच्या, जाणकार सांगतील तिथं सांध्यांत चुना भरायचा. गाडी पायथ्याच्या वाडीपर्यंत जाते. पुढं दीड तासाची खडी चढण, आणि वाळू, चुना, पाणी, पहारी सगळं माणसाच्या अंगावर. पहिल्याच वर्षी मी दुकानात जाऊन म्हणालो, "तुमच्याकडची सगळ्यात मोठी सॅक दाखवा." 75 लिटरची मिळाली. तिच्यात 25 किलो वाळूचं पोतं टाकलं. वाळू तळाला बसली, सॅकचं पोट मागं लोंबलं, वरचा भाग रिकामाच राहिला. कंबरेला पट्टा होता, पण नावाला. दोन बोटं रुंदीची नुसती नाडी. सगळा भार दोन खांद्यांवर आला आणि तो सारखा मागं ओढत होता.

दुसऱ्या खेपेला डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. संध्याकाळी हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मानेतून हाताकडं येणाऱ्या नसा खांद्याच्या पट्ट्याखाली दाबल्या गेल्या आहेत. जड सॅक घेऊन चालणाऱ्या सैनिकांत हा त्रास पूर्वीपासून माहीत आहे, त्याला 'रकसॅक पाल्सी' असं नावच आहे. चौकट आणि भक्कम कंबरपट्टा असलेली सॅक वापरली तर तो होण्याची शक्यता बरीच कमी होते.

हात बरा होईपर्यंत मी एकच गोष्ट शोधत होतो: रस्ता नसलेल्या डोंगरात, पाठीवर, इतकं जड ओझं नेमानं कोण वाहतं? त्याचं उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडलं. अमेरिकेतले शिकारी.

आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि कोयना-चांदोलीच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या माझ्यासारख्याला ती मनापासून मान्य आहे. तिकडची व्यवस्था वेगळी. परवाना, ठरलेला हंगाम, ठरलेली संख्या. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अलास्का, कोलोराडो अशा कित्येक राज्यांत खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं हा गुन्हा आहे. रॉकी पर्वतातला एल्क नावाचा मोठा हरणाच्या जातीचा नर 300 किलोच्या पुढं भरतो. हाडं काढली तरी 90-100 किलो मांस उरतं, आणि गाडी पाच-सात किलोमीटरवर उभी. ते सगळं तीन-चार खेपांत पाठीवरून खाली आणायचं. शिकार आपल्या कामाची नाही, पण ही सॅक आहे, म्हणून तिची रचना नीट समजून घेऊ.

मांस हे वाहायला फार अवघड ओझं. जागा कमी खातं, वजन जास्त भरतं. मऊ असल्यामुळं चालताना घसरत घसरत तळाला जातं. ओलं असतं. शिवाय ते गार राहावं लागतं, म्हणून प्लास्टिकमध्ये कोंबून चालत नाही, हवा खेळणाऱ्या कापडी पिशवीत बांधावं लागतं. आता मांसाच्या जागी ओली वाळू किंवा पाण्याचा कॅन ठेवून बघा. बहुतेक तक्रारी त्याच निघतात. म्हणून या सॅक विकणारे लिटरवर फार बोलत नाहीत. चौकट किती किलो पेलते, ती तुमच्या पाठीला बसते का आणि भार कंबरेवर कसा उतरतो, हे ते आधी सांगतात. आपण दुकानात नेमकं उलटं विचारतो.

हे सगळं कागदावर समजत होतं, पण डोक्यात शिरलं ते आमच्या शेजारच्या तात्यांमुळं. तात्या पाटण तालुक्यातले. तरुणपणी मुंबईला मस्जिद बंदरच्या गोदामांत माथाडी होते. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. त्यांच्याच तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांना एकत्र केलं आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला, हे ते आजही ताठ मानेनं सांगतात. 100 किलोचं पोतं उचललेला तो माणूस. मी अंगणात सॅक भरून उभा होतो तेव्हा ते मागं आले, आणि पाठ व सॅक यांच्या मधल्या फटीत त्यांनी आपला सबंध हात घातला, कोपरापर्यंत.

"हे बघ," ते म्हणाले, "पोतं माथ्यावर घेतलं की वजन सरळ खाली जातंय, जमिनीत. तुझं वजन तुझ्या मागनं चाललंय. आणि बायका घागर कुठं घेत्यात? खांद्यावर?"

घागर घेतात कडेवर. मूलही कडेवर. कंबरेच्या दोन्ही बाजूंना हाडाची जी धार हाताला लागते, तिच्यावर. ते हाड थेट मांडीच्या हाडांना जोडलेलं आहे आणि मांड्यांचे स्नायू शरीरातल्या सगळ्यात दणकट स्नायूंपैकी. खांद्यांचं तसं नाही. खांद्याचा सांधा बऱ्याच अंशी स्नायूंच्या आधारानं टिकून असतो, आणि त्याच्या जवळूनच नसा व रक्तवाहिन्या हाताकडं जातात. म्हणून चांगल्या सॅकचं काम एका वाक्यात सांगता येतं: पाठीवरचं ओझं कडेवर उतरवणं. बाकी सगळे पट्टे, पट्ट्या, बकलं त्यासाठी आहेत.

तात्यांनी हात घातला त्या फटीचाही हिशोब आहे. भरलेली कळशी छातीशी धरून उभं राहा, मग हात लांब करून तीच कळशी धरा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी अर्ध्या मिनिटात हात थरथरतात. पाठीचे उभे स्नायू मणक्यापासून साधारण 5 सेंटिमीटरवर ओढ लावतात. 25 किलोचं ओझं पाठीपासून आणखी 10 सेंटिमीटर मागं गेलं, तर त्याला सांभाळायला या स्नायूंना 50 किलोइतकी जादा ओढ लावावी लागते, किंवा मग माणूस पुढं वाकतो. चढणीवर पुढं वाकून, मान वर करून चाललेली माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांचं ओझं मागं लोंबतंय, म्हणून ती तशी चालतात.

ओझं कंबरेवर न्यायचं तर मधे काहीतरी ताठ लागतं. ती चौकट, म्हणजे फ्रेम. 1920 च्या दशकात लॉइड नेल्सन नावाच्या अमेरिकन माणसानं अलास्कातल्या मूळ रहिवाशांची, काठ्यांवर सीलचं कातडं ताणलेली पाठचौकट वापरून पाहिली आणि त्यावरून लाकडी चौकटीची सॅक बाजारात आणली. ती लाकडी चौकट शिकाऱ्यांनी कित्येक वर्षं वापरली. पण भार खांद्यांवरच राहायचा. पुढं डिक केल्टी नावाचा सुतारकाम करणारा एक गृहस्थ मित्राबरोबर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत भटकत होता. चौकटीचे खालचे दांडे पँटच्या मागच्या खिशांत खोचले तर खांदे एकदम हलके होतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यातून कंबरपट्ट्याची कल्पना आली. 1952 पासून केल्टी आणि त्याची बायको घरीच, विमानाला वापरतात त्या दर्जाच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी बनवून विकू लागले. आज कार्बन फायबर आलं, पण मूळ युक्ती खिशात खोचलेल्या दांड्यांचीच आहे.

चौकट उभ्या दिशेनं अजिबात दबता कामा नये. दबली की भार परत खांद्यावर. आडव्या दिशेनं मात्र ती थोडी पिळवटली तर बरं, कारण चालताना कंबर एकदा डावी, एकदा उजवी हलते. तपासायचं कसं? सॅकमध्ये 20 किलो घाला, कंबरपट्टा आवळा, खांद्याचे पट्टे पूर्ण ढिले सोडा. ओझं कंबरेवर उभं राहिलं तर चौकट खरी. मधे वाकून खाली बसलं तर ती पिशवी हलक्या सामानापुरती. दुकानदाराला तांदळाच्या दोन पिशव्या मागायला लाजू नका. रिकामी सॅक पाठीवर घालून आरशात बघण्यात काही अर्थ नाही.

आता माप. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि आपल्याकडं यावर कुणी बोलत नाही. सॅकचं माप माणसाच्या उंचीवर ठरत नाही, पाठीच्या लांबीवर ठरतं. मान खाली घाला. मानेच्या मुळाशी एक मणका टेंगळासारखा वर येतो, तो पहिला बिंदू. दोन्ही हात कडेच्या हाडावर ठेवा, अंगठे मागं. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जिथं छेदते तो दुसरा बिंदू. मधलं अंतर शिंप्याच्या टेपनं घ्यायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा. मोठ्या माणसांत ते बहुधा 40 ते 53 सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. माझ्याहून चार बोटं उंच असलेल्या माझ्या मेव्हण्याची पाठ माझ्यापेक्षा आखूड निघाली. त्याची उंची पायांत आहे. त्यामुळं भावाची सॅक भावाला बसेलच असं नाही. खांदापट्ट्या वर-खाली सरकवता येणारी सॅक घेतली तर घरातल्या दोघांना चालते.

कंबरपट्टा हाताच्या पंजाएवढा रुंद, आत घट्ट फोम असलेला हवा. मऊ गादीसारखा फोम दुकानात छान वाटतो, पण अर्ध्या तासात बसतो. पट्ट्याची मधली रेषा कडेच्या हाडाच्या धारेवर यावी, म्हणजे पट्टा अर्धा वर, अर्धा खाली. बेंबीवर बांधला तर पोट दाबतं आणि दम लागतो, फार खाली बांधला तर मांडी उचलताना घासतो.

घालायचा क्रम लक्षात ठेवा. आधी सगळे पट्टे ढिले. सॅक पाठीवर घेऊन किंचित उचकून वर घ्यायची आणि पहिल्यांदा कंबरपट्टा आवळायचा. मग खांदापट्ट्या, पण फक्त अंगाला लागतील इतक्याच. त्यानंतर खांद्याच्या वर, चौकटीच्या टोकाकडून पुढं येणाऱ्या दोन बारीक पट्ट्या ओढायच्या. त्यांना लोड लिफ्टर म्हणतात. ओझ्याचा माथा पाठीकडं ओढून धरणं आणि खांदापट्टी खांद्यावरून किंचित उचलणं हे त्यांचं काम. त्या खांद्यापासून साधारण 45 अंशांत वर जायला हव्यात. म्हणजे चौकट खांद्याच्या वर थोडी यायलाच हवी. शिकाऱ्यांच्या चौकटी 60 ते 66 सेंटिमीटर उंच असतात त्या याचसाठी. आपल्या साध्या सॅकवर ही पट्टी कित्येकदा शोभेला शिवलेली असते. खांद्याच्या पातळीतच असेल तर ती काही उचलत नाही. छातीची पट्टी सगळ्यात शेवटी, आणि सैलच.

बरोबर बसलं की तीन-चतुर्थांशाच्या आसपास भार कंबरेवर जातो. खूण सोपी आहे. चालता चालता खांदापट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

शिकाऱ्यांच्या सॅकमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चौकट आणि पिशवी यांच्या मधला कप्पा. ते त्याला मांसाचा कप्पा म्हणतात. पिशवी चौकटीपासून वहीच्या पुठ्ठ्यासारखी उघडते, मांस मधे चौकटीला लागून ठेवायचं, खालून आधाराची पट्टी, आणि वरून पिशवी बंद करून आडवे पट्टे करकचून आवळायचे. सगळ्यात जड वस्तू पाठीला चिकटते, हलकं सामान बाहेर राहतं. पिशवी रक्तानं खराब होत नाही. तात्यांच्या हाताला फट सापडत नाही.

वाळूसाठी आम्ही हेच केलं. 45 सेंटिमीटर उंच, 30 रुंद आणि 12 जाड, म्हणजे साधारण 16 लिटर, अशी जाड ताडपत्रीची पिशवी शिवून घेतली. गादीला टाके घालतात तसे दोन आडवे टाके मारून तिचे तीन खण केले, म्हणजे वरची वाळू खाली उतरत नाही. भरल्यावर ती एखाद्या फरशीसारखी ताठ होते आणि पाठीला लागून बसते. वजनाचा मध्य खांद्याच्या पात्यांच्या जरासा खाली येतो. सोपी वाट असेल तर ओझं थोडं वर चालतं. आमच्या वाटेवर घसारा आणि एक कातळटप्पा आहे, तिथं ते दोन बोटं खाली असलं की तोल राहतो.

पाण्याचं वेगळं. अर्धवट भरलेला कॅन डचमळतो आणि पाऊल टाकायच्या क्षणी नेमका उलट दिशेला ढकलतो. कॅन काठोकाठ भरा, किंवा पूर्ण रिकामा ठेवा. वीस लिटरच्या एकापेक्षा दहाचे दोन, तेही चपटे. आणि चुना. मांसाला हवा लागते, कळीच्या चुन्याला अजिबात नको. पाणी किंवा घाम लागला की तो तापतो आणि कातडी भाजते. तो कापडी पिशवीत कधीच नेऊ नका, घट्ट झाकणाच्या बादलीतच न्या, आणि पाठीला थेट लागू देऊ नका. आमच्यात हा नियम मोडायची कुणालाच मुभा नाही.

कापडाबद्दल थोडक्यात. लेबलवर 500 डी, 1000 डी असं असतं, तो डेनिअर. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. 500 डेनिअरचं नायलॉन कारवी-करवंदीच्या जाळीत टिकतं. आकडा मोठा म्हणजे सॅक चांगली असं नाही, ती जड होते एवढं नक्की. त्यापेक्षा शिवण बघा: पट्टा जिथं कापडाला जोडलाय तिथं चौकोन आणि त्यात फुलीची दुहेरी शिवण हवी.

परदेशी शिकारी सॅक साधारण 400 ते 700 डॉलरला पडते, वर आयात शुल्क. आमच्यापैकी कुणाला ते झेपणारं नव्हतं. म्हणून केल्टीनं केलं तेच केलं. ॲल्युमिनियमचा पाइप आणला, आर्गन वेल्डिंगवाल्याकडून 62 सेंटिमीटर उंचीची चौकट जोडून घेतली, मधे जाळीचं कापड ताणून बांधलं, तळाला वीतभर पुढं आलेली फळी दिली. जुन्या चांगल्या सॅकचा कंबरपट्टा काढून चौकटीच्या तळाशी बसवला, आवळायला भंगारातल्या सीटबेल्टच्या पट्ट्या. पहिल्या चौकटीची फळी दुसऱ्याच रविवारी वाकली. आता तिला दोन्ही बाजूंनी तिरका टेका आहे. वजन अडीच किलोच्या आत. बनवणार असाल तर एक ध्यानात ठेवा: चौकटीचा कुठलाही दांडा पाठीला टोचता कामा नये, पाठ फक्त ताणलेल्या जाळीला टेकली पाहिजे. आणि कंबरपट्टा विकत घेण्यात कंजूषी नको, तो घरी नीट जमत नाही.

किती उचलायचं? दिवसभर आरामात चालायचं तर आपल्या वजनाच्या पावपट, थोड्या अंतरासाठी आणि सवय असेल तर तिसरा हिस्सा. माझं वजन 64 किलो. म्हणजे 16, फार तर 21. माझे पहिले 25 किलो सॅक उत्तम असती तरी चुकीचेच होते. नेपाळी हमालांवर 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचं सरासरी ओझं त्यांच्या वजनाच्या 93 टक्के भरलं. ते कपाळावरच्या पट्ट्यानं वाहतात, अगदी हळू चालतात, वारंवार थांबतात, आणि ही सवय लहानपणापासूनची असते. मुंगी घाटातून शिखर शिंगणापूरला कावड चढते तेव्हाही एकटा माणूस ती चढवत नाही, माणसांची साखळी एकमेकांना वर ओढते. आमच्याकडं आता 15 किलोच्या खेपा ठरल्या आहेत. पोरं हट्ट करतात, तरी नाही. तीन खणांपैकी एक रिकामा ठेवला की आपोआप जवळपास तेवढंच भरतं.

उतरताना गुडघ्यांवर चढणीपेक्षा जास्त मार बसतो, म्हणून वरून राडारोडा आणताना हातात काठी हवीच आणि कंबरपट्टा आणखी थोडा आवळलेला. ओढा ओलांडायचा असेल तर मात्र कंबरेचं आणि छातीचं बक्कल सोडून, खांदापट्ट्या ढिल्या करून पाण्यात उतरा. पाय सरकलाच तर सॅक टाकून देता आली पाहिजे.

नवी सॅक थेट मोहिमेला नेऊ नका. आधी दोन आठवडे अजिंक्यतारा करा. पहाटे फिरायला अर्धा सातारा तिथं येतो, वाट ओळखीची, काही झालंच तर घर जवळ. पहिल्या दिवशी 8 किलो, मग दर दोन दिवसांनी दोन-दोन वाढवा. मंगळाईच्या देवळापाशी पोचलात की शर्ट वर करून कडेची कातडी बघा. दोन्ही बाजूंना सारखाच लालसर पट्टा दिसला तर सॅक बसली. एकाच बाजूला दिसला तर चौकट तिरकी आहे किंवा पट्टा एका अंगानं जास्त ओढला जातोय. आणि लाली कडेवर नसून खांद्यावर असेल, तर सगळे पट्टे ढिले करा, कंबरेपासून परत सुरुवात करा.